एकूण असामी वीस

उम्म अल कुवैन
२ सप्टेंबर १९९७

ती. वासंतीमावशीस,

समुद्राच्या या काठावरून सुहासचा नमस्कार. हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना तुझं उत्तर नाही, आणि फोन केला की तू ‘बरी आहे’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. शेजारच्या नेनेबाई सांगतात, तू सकाळी एकदा भात लावतेस आणि दोन्ही वेळा तोच जेवतेस. मधूकाकांना जाऊन आठ महिने झाले. मी तेव्हा आले नाही, कारण मला पाचवा महिना होता आणि डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं. मार्चमध्ये माझ्यावर वेळ आली तेव्हा तू घराबाहेर पडायच्या स्थितीत नव्हतीस. फिटंफाट झाली. माझं ते आता झालं, खलास. त्याबद्दल विचारू नकोस.

आज काम आहे म्हणून लिहितेय. इथे खाडीच्या काठाला जुन्या लाकडी लाँचा दुरुस्त करतात. तिथल्या लियाकत मिस्त्रीशी माझी ओळख झाली आहे, कारण संध्याकाळी मी तिथेच जाऊन बसते. प्रकाश फॅक्टरीतून सातला येतो, तोवर घरात करमत नाही. लियाकतकडे कोणाची तरी सागवानी पेटी दुरुस्तीला आली आणि तिच्यात हे कागद निघाले. “भाभीजी, ये तो आपके मुल्क का लिखा लगता है,” म्हणाला. मोडी आहे एवढं मी ओळखलं, पण वाचता येईना. तू सुट्टीत शिकवलेलं सगळं विसरले गं. मूळ कागद मिळणार नाहीत म्हणून झेरॉक्स काढून पहिलं पान पाठवतेय. रत्नागिरीच्या रेकॉर्ड ऑफिसात तू तीस वर्षं मोडी वाचलीस. तुझ्याशिवाय मी कोणाला विचारू?

गलबताची रोजनिशी असावी असं लियाकत म्हणतो. इथे दुपारी गच्चीतून पाहिलं तर पाणी आणि आभाळ यांच्यातली शिवण दिसत नाही. सगळं पांढरंफेक असतं. त्या पांढऱ्यात शंभर वर्षांपूर्वीचं एखादं गलबत नुसतं उभं असेल आणि आपल्यालाच दिसत नसेल, असं मला वाटत राहतं.

वाचशील ना?

तुझी,
सुहास

*

रत्नागिरी
२४ सप्टेंबर १९९७

चि. सुहास,

आशीर्वाद. त्यांना वजन नसतं म्हणून पाकिटात भरपूर घातले आहेत.

नेनेबाईंना सांग, माझ्या भातात डोकावण्यापेक्षा स्वतःच्या आमटीत मीठ बघा. तुझं पाकीट दोन दिवस टीव्हीवर पडून होतं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, बघू तरी. चष्मा सापडेना. शेवटी यांच्या खणात मिळाला. तो खण मी जानेवारीपासून उघडला नव्हता. चष्म्यासाठी उघडला आणि मग तिथेच जमिनीवर बसून तुझं पान वाचून काढलं.

शके १७९६, आषाढ शुद्ध पंचमी. म्हणजे सन १८७४. गलबत गंगाप्रसाद, जयगड बंदरातून सुटलं. मस्कतला जाणार आणि तिथून पुढे तुझ्या उम्म अल कुवैनला. माल तांदूळ, काथ्या, नारळ आणि सागाच्या फळ्या. लिहिणारा स्वतः नाखवा आहे, म्हणजे गलबताचा मुख्य. नाव भिवा. सुकाणूवर हमदुल्ला. हा हमदुल्ला झोपेतसुद्धा हात वळवत असतो, असं नाखव्यानं मुद्दाम नोंदलं आहे. नाखवा मोठा रसिक दिसतो, रोजनिशीत असलं कोणी लिहीत नाही. एक भंडारी, म्हणजे सैपाक करणारा. अकरा खलाशी, सगळ्यांची नावं दिली आहेत. उतारूंमध्ये मुनीर हकीम, खजूर आणायला निघालेले दोघे भाऊ, आणि मस्कतला दुकान टाकायला निघालेला एक सोनार व त्याची बायको यमुना.

खाली लिहिलं आहे, ‘येकूण असामी वीस.’ मी बोटांवर मोजले, मग यांच्या डायरीच्या मागे पेन्सिलीनं लिहून मोजले. एकोणीसच होतात. विसावा कोण?

आणि एक. तुझ्या पत्रात लियाकत आहे, नेनेबाई आहेत, माझा भात आहे. तू कुठेच नाहीस. सातव्या महिन्यात पोर गेलं की ‘खलास’ म्हणून ते खलास होत नसतं. विचारू नकोस म्हणतेस, बरं, नाही विचारत. पुढची पानं असली तर धाड.

तुझी,
मावशी

*

उम्म अल कुवैन
१२ ऑक्टोबर १९९७

ती. मावशी,

तुझं पत्र आलं आणि मी ते उभ्या उभ्या जिन्यातच वाचलं. तू काकांच्या डायरीत पेन्सिलीनं मोजत बसलीस, हे वाचून मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. प्रकाशला सांगितलं तर म्हणाला, “मावशींना इंटरेस्ट आला ना, मग बेस्ट! यल्ला, आहेत तेवढी पानं कुरियर कर.” पण लियाकत थोडी थोडीच देतो, म्हणून आत्ता दोनच.

विसाव्याचं काय घेऊन बसलीस! मोजण्यात नाखव्याची चूक झाली असेल. समुद्रावरचा माणूस, त्याला कुठली शाळा?

समोरच्या फ्लॅटमधली आठ वर्षांची अवनी माझ्याकडे मराठी शिकायला येते. मी बोलते मराठीत, ती उत्तर देते इंग्रजीत. तिला गंगाप्रसादची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, “बट आँटी, व्हेअर डिड दे ऑल स्लीप?” मी लियाकतला विचारून आले. गलबतात खोल्या नसतात गं. माणसं मालावरच झोपतात. म्हणजे ती माणसं तांदळाच्या पोत्यांवर झोपत होती, आणि पोत्याखाली पाणी.

तेव्हापासून मला दुपारी पडलं की पाठीखाली तांदूळ सरकल्यासारखा वाटतो. एसीची घरघर शिडातल्या वाऱ्यासारखी होते. मी डोळे मिटते आणि कोणीतरी वर फळ्यांवरून अनवाणी चालत जातं. जाग येते तेव्हा बाहेर तोच पांढरा उजेड असतो, आणि आपण कोणत्या बंदरात आहोत ते क्षणभर कळत नाही. मला ते आवडायला लागलं आहे.

तू दोन भाज्या करत जा. मी नेनेबाईंना विचारीन.

तुझी,
सुहास

*

रत्नागिरी
५ नोव्हेंबर १९९७

चि. सुहास,

भरपूर आशीर्वाद आणि थोडा राग. नेनेबाईंना हेर नेमलंस! काल त्या वाटीभर रस्सा घेऊन आल्या आणि माझं ताट मोजून गेल्या. भोपळ्याची भाजी आणि कोशिंबीर होती, लिहून घे.

दिवाळीचे चार दिवस कसे जाणार याची मला धास्ती होती. ते तुझ्या गलबतावर गेले. रोज चहा झाला की भिंग घेऊन बसते.

दुसऱ्या पानावर वारा पडला आहे. मस्कत अजून लांब, आणि शीड ओल्या लुगड्यासारखं डोलकाठीला लोंबतंय. पाणी इतकं स्वच्छ की तळाशी आपलं गलबत उलटं चाललंय असं खलाशांना वाटतं. भंडारी आमटीत रोज थोडं जास्त पाणी घालतो. खजूरवाले भाऊ अजून न घेतलेल्या खजुरावरून भांडतात. मुनीर हकीम सगळ्यांच्या नाड्या बघतो आणि एकाच निदानावर येतो, की वारा हवा. हमदुल्ला सुकाणू सोडत नाही. करायला काही नसलं तरी धरून बसतो. यमुना नाळेपाशी बसते, जिथून पुढचं पाणी दिसतं, आणि कोणाशी बोलत नाही.

तिसऱ्या पानाच्या तळाशी मजकूर बारीक आहे, पण भिंगाखाली लागला. नाखवा भिवा रोज सूर्य बुडताना सगळ्यांची हजेरी घेतो. एकेकाचं नाव पुकारतो आणि ज्याचं त्यानं ‘आहे’ म्हणायचं. एकोणीस नावं होतात. मग तो गप्प राहतो. कोणाचं तरी उत्तर यायचं असावं तसा थांबतो. खलाशी पाण्याकडे बघतात, सोनार आपल्या हातांकडे बघतो. यमुना मान वर करत नाही. मग नाखवा म्हणतो, ‘बरं,’ आणि दिवा लावायला सांगतो. असं रोज चालतं.

मी त्या ओळी पुनःपुन्हा वाचल्या. नाखव्याला शाळा नसेल, पण मोजण्यात चुकणाऱ्यातला हा माणूस नव्हे.

तुझी,
मावशी

*

उम्म अल कुवैन
२३ नोव्हेंबर १९९७

ती. मावशी,

हे तू कुठून काढलंस? तिसऱ्या पानाच्या तळाशी असलं काही नाही. तिथे खलाशी दोरीवर मासे वाळत घालतात आणि हमदुल्ला सगळ्यात मोठा मासा आपल्यासाठी बाजूला ठेवतो, एवढंच आहे आणि पान संपतं. मला ते पान पाठ आहे. हजेरीबिजेरी कोणी घेत नाही. कोणी कोणासाठी थांबत नाही.

यमुनेच्या वाटेला का जातेस? ती बसली आहे तर बसू दे. उतारू आहे ती. तिला मस्कतला उतरायचं आहे, दुकान मांडायचं आहे, बस. सगळ्यांनी तिच्याकडे बघत राहायचं काही कारण नाही.

मला बरं नाही वाटलं ते वाचून. पत्र पाकिटात घालून ठेवून दिलं. प्रकाशला वाचून दाखवलं नाही.

सुहास

*

रत्नागिरी
१५ डिसेंबर १९९७

माझ्या गुणी पोरी,

मोडी विसरले म्हणालीस ना? आणि न वाचता येणारं पान तुला पाठ आहे!

हसू नको तर काय करू? मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून घरातल्यांना ते दिसत नाही असं थोडंच आहे. अगं, मला पहिल्या ओळीलाच कळलं होतं. आषाढ शुद्ध पंचमीला म्हणे जयगडहून गलबत सुटलं! आषाढात कोकणातली गलबतं किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेली असतात. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडल्याशिवाय इथे होडकंसुद्धा कोणी पाण्यात लोटत नाही. तुझे काका जन्मभर बंदर खात्यात होते. आज असते तर नाखव्याला मेमो दिला असता. पण तुझाही इलाज नाही. माझ्याकडे तू मे महिन्यात यायचीस आणि पाऊस लागायच्या आत परत जायचीस. आणि आता अकरा वर्षं अशा समुद्राच्या काठी राहतेस, जिथे आषाढातही पाणी ताटात वाढल्यासारखं निवांत असतं. खवळलेला समुद्र तू पाहिलास कधी? त्यात झेरॉक्स पाठवलेस, शाई कळू नये म्हणून. अक्षर कसं लपवणार होतीस? ते मीच तुझा हात धरून वळवलं आहे.

मी बोलले नाही, कारण मला पुढचं पान हवं होतं. खरं सांगते, जानेवारीपासून या घरात मला हाक मारणारं कोणी नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी बसून काही लिहिलं, तेही बोरूनं आणि मोडीत. तू मला उठवायला आलीस हे कळलं, आणि मी उठले. दोन भाज्या करते. खोटं नाही, नेनेबाई साक्षीला आहेत.

पण मलाही तुझं काही दिसलं. खोटं गलबत बांधायला बसलेलं माणूस खोटं किती दिवस लिहिणार? तुझ्या गलबतावर एक बाई आहे जी बोलत नाही. तुझ्या यादीत एक माणूस आहे ज्याला नाव नाही. म्हणून हजेरी मी घातली. हो, माझ्या पदरची. तुला राग आला, आणि तो येईल याच हिशेबानं मी ती घातली होती. मला माफ कर, पण राग आल्याशिवाय तू दार उघडणाऱ्यातली नाहीस.

आता मी सरळ विचारते, मोडीत नाही. येकूण असामी वीस लिहिताना तू कोणाला धरलंस?

तुझी,
मावशी

*

उम्म अल कुवैन
१६ जानेवारी १९९८

ती. मावशी,

पकडली गेले. लियाकत खरा आहे, पेटी खोटी. गलबताची भाषा त्याची, मोडी तुझी, बाकीचं मी दुपारी लिहायचे. तू जेवावंस एवढंच माझ्या मनात होतं. गंगाप्रसाद एवढं लांब जाईल असं वाटलं नव्हतं.

तुझं पत्र तीन आठवडे उघडून बंद करत राहिले. आता लिहिते. वीस मी चुकून लिहिलं नाही. मोजूनच लिहिलं. गलबतावरचे चौदा, मग हकीम, ते दोघे भाऊ, सोनार. यमुनेपाशी आले आणि बोटांवर दोन धरले. मी ठरवून नाही धरले गं, बोटांनीच धरले. तू एकोणीस म्हणालीस तेव्हा मलाही आधी कळलं नाही, आणि कळलं तेव्हा दुपारभर मी हात पदराखाली घेऊन बसले.

मुलगी होती, मावशी. हे मी अजून कोणाला लिहिलं नव्हतं. मला भूल दिली होती. जागी झाले तोवर सगळं आवरलेलं होतं, आणि जो तो येऊन सांगत होता, पाहिली नाहीस तेच बरं झालं. प्रकाश आणि त्याच्या फॅक्टरीतले दोघे जाऊन आले. कुठे गेले ते मी विचारलं नाही. बारसं झालेलं नाही, म्हणजे नाव नाही, आणि नाव नाही म्हणजे बोलायचं तरी कोणाबद्दल? घरात तो विषय निघाला नाही. मार्चनंतर प्रकाश पूर्वीसारखाच डबा घेऊन जायचा, क्रिकेट बघायचा, जोक सांगायचा. मला वाटलं, तो विसरला. मी त्याचा मनातून फार राग केला, मावशी. त्याला कळू न देता केला.

परवा संक्रांत होती. सध्या रमजान आहे, त्यामुळे फॅक्टरी दोनला सुटते. तो घरी येऊन जेवला आणि सोफ्यावर मोसंबं सोलत बसला. मी म्हटलं, मावशीची पत्रं वाचून दाखवू? सगळी? “दाखव ना,” म्हणाला. खोट्या पेटीपासून सगळं खरं सांगितलं. तो खूप हसला. आषाढाचं ऐकून तर म्हणाला, “मावशी म्हणजे डेंजर आहेत.” मग मी हजेरीचं पत्र घेतलं. त्यात नावं नाहीत, म्हणून मीच पहिल्या पानावरून एकेक नाव वाचत गेले. भिवा, हमदुल्ला, भंडारी, अकरा खलाशी, मुनीर हकीम, दोघे भाऊ, सोनार, यमुना. तिथे थांबले, कारण पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

प्रकाश मोसंब्याकडे बघत म्हणाला, “शुभ्रा.”

मला वाटलं, टीव्हीवरचं काही म्हणतोय. मग त्यानं सांगितलं. त्या दिवशी हॉस्पिटलात खाली काउंटरवर फॉर्म भरायचा होता. तिथल्या माणसानं बोट ठेवून सांगितलं, नेम लिहा. हा म्हणाला, नेम नाही. तो माणूस चांगला होता. म्हणाला, “हबीबी, रिकामं ठेवू नका, काही तरी लिहा.” मागे रांग होती. यानं शुभ्रा लिहिलं. ते नाव त्याच्या मनात पहिल्यापासून होतं म्हणे, बारशाला मला चकित करणार होता. दहा महिने ते नाव या माणसानं एकट्यानं सांभाळलं, याच घरात, माझ्या शेजारी झोपून.

मी भांडले, मावशी. खरंच भांडले, दाणकन पाट आपटला. मला का सांगितलं नाहीस? तो म्हणाला, “तू झोपली होतीस. म्हटलं, उठलीस की सांगू. मग तू उठलीस आणि भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, या विषयावर कोणी बोलायचं नाही.” मी असं म्हणाले होते हे मला आठवतही नाही.

मी त्याच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, आता सांग. तू पाहिलीस ना तिला? सगळं सांग.

बाहेर मगरिबची अजान झाली, रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, सगळं गाव उपास सोडायला बसलं. आम्ही दिवा लावला नाही. त्यानं हातातलं मोसंबं खाली ठेवलं. मग दोन्ही हात पुढे करून दाखवलं, एवढी होती. मग म्हणाला, “केस होते तिला. खूप. कपाळावर आले होते, सुहास. मी बोटानं मागे केले.”

तुझी,
सुहास